जाहिरातीतली कोरी जागा

चि. अनघा आणि चि. रोहन यांस,

अनघा, तू पाठवलेलं चित्र मी शेजारच्या दुकानातून मोठं करून छापून आणलं आहे. ते माझ्या टेबलावर, चष्म्याच्या डबीखाली आहे. तुमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात आपल्याकडची इंग्रजांच्या काळातली वर्तमानपत्रं जपून ठेवली आहेत याचं मला नवल वाटलं, आणि त्यात गोंदियाची जाहिरात सापडावी याचं त्याहून जास्त. खाली तू लिहिलंस, "आजी, हे तुझंच गोंदिया ना? या माणसाचं औषध तर सगळंच बरं करतं!" रोहनने त्याला एक हसणारा चेहरा जोडला.

हसा. पहिल्यांदा वाचली तेव्हा मीही हसले होते. पण त्या जाहिरातीचं पुढे काय झालं ते तुमच्या ग्रंथालयात सापडणार नाही. ज्यांना ते ठाऊक होतं त्यांच्यातली बहुतेक माणसं गेली. माझी तब्येत चांगली आहे, काळजी नको. पण आमच्या वयात कामं पुढे ढकलू नयेत. म्हणून आज सकाळी पूजा आटोपून लिहायला बसले. जन्मभर वर्गात शिकवलं, तेव्हा क्रमाने सांगेन. आधी जाहिरात, मग बाई.

जाहिरातीच्या मध्यभागी फेटा बांधलेला, मिशा पिळलेला, कोटावर बिल्ला लावलेला जो गृहस्थ आहे, ते वामनराव. पदवी कुठलीच नाही. 'वैद्यराज' ही त्यांनी स्वतःच स्वतःला दिलेली. त्यांच्या डोक्यावर कमानीसारखी अक्षरं आहेत: 'उदरमित्र'. उजव्या बाजूला रोगांची उतरंड आहे: अजीर्ण, पोटशूळ, मुरडा, हैजा, वांती, जंत, मळमळ, आणि शेवटी, जागा उरली म्हणून की काय, उदासी. हैजा म्हणजे कॉलरा. पुस्तकात त्याला पटकी म्हणत, पण आमच्या भागात मराठी काय नि हिंदी काय, सगळे हैजाच म्हणत. तळाला बारीक अक्षरांत आहे: 'विधिपूर्वक घेतल्यास कधीही निष्फळ होत नाही. नकलांपासून सावध राहावे.' हे शेवटचं वाक्य त्या काळच्या प्रत्येक औषधाच्या जाहिरातीत असे. ज्याची नक्कल करायला कोणी गेलं नसतं तोही ते छापून घेई.

त्या काळी छोटी वर्तमानपत्रं अशा जाहिरातींवरच चालत. पहिल्या पानावर गांधीजींचं भाषण आणि त्याला खेटून केशतेल. जाहिरात देणारा तिचा ठसा बनवून घेई. लाकडावर जस्ताचा पत्रा ठोकलेला असे, त्यात चित्र आणि अक्षरं उलटी कोरलेली. वामनरावांचा ठसा एकच होता. तो पार्सलने या पत्राकडून त्या पत्राकडे फिरे आणि परत गोंदियाला येई. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मी लग्न होऊन गोंदियाला आले ती १९४९ साली. तुमचे आजोबा रेल्वेच्या गुड्स ऑफिसात होते, मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवू लागले. आमच्या खोल्यांना लागूनच उदरमित्रचं दुकान होतं. वामनराव तोवर वारले होते. गादीवर त्यांची बायको बसे: भागरथाबाई.

उंच, काळीसावळी, हाडं रुंद, कपाळ मोकळं. तिरोड्याकडच्या धानशेतकऱ्याची मुलगी. बोलणं शेवटपर्यंत झाडीपट्टीचंच राहिलं. गोंदियाच्या बाजारात सगळे हिंदीत भाव करत. ही मारवाड्याशीही आपल्याच बोलीत बोले आणि समोरच्याला ती समजली नाही तर तेच वाक्य पुन्हा, जरा मोठ्याने म्हणे. बाजारात तिला 'दवाईवाली बाई' म्हणत. मला ती पहिल्या दिवसापासून 'मास्तरीण' म्हणाली, नाव कधी विचारलं नाही.

दुकानात ओवा, पुदिना आणि कापूर यांचा असा वास असे की आमच्या खोलीतलं दूधही त्या वासाचं होई. मागच्या पडवीत अर्क निघे. बाटल्या ती स्वतः धूत असे, दुसऱ्या कुणाला धुऊ देत नसे. उन्हात धरून एका डोळ्याने आत बघे आणि बूच दातात धरून बाटली भरे. गिऱ्हाईक आलं की शिशी लगेच हातात पडत नसे. आधी उलटतपासणी होई.

"का खाल्लं काल?"

"शिळा भात, बाई."

"अन् परवा?"

"परवा... सोयऱ्याच्या घरी मटन होतं."

"किती?"

गिऱ्हाईक लाजे. बाकीचे हसत.

"रगत पडते का? पडत असन तं इथं कायले आला? सरकारी दवाखान्यात जा."

तिचे दीर शंकरराव कोपऱ्यात चिठ्ठ्या चिकटवत बसलेले असत. गोरे, गुबगुबीत, पानाने ओठ लाल. गावोगावच्या बाजारांत माल पोचवणं, स्टेशनांवर पत्र्याच्या पाट्या लावणं हे त्यांचं काम. ते कळवळून म्हणत, "वहिनी, गिऱ्हाईक आलं तं त्याले शिशी द्यावाची का रस्ता दाखवावाचा?"

"दवा पोटाले हाय, नशिबाले नाई," ती म्हणे. हे तिचं नेहमीचं वाक्य. दिवसातून कितीदा तरी ऐकू येई. आमचा पोपट असता तर तोही शिकला असता.

तिच्या वाचण्याची एक गंमत होती. लग्न होऊन आली तेव्हा तिला अक्षर येत नव्हतं. वामनरावांनी शिकवलं, आणि घरात छापलेली एकच वस्तू असल्यामुळे जाहिरातीवरूनच शिकवलं. 'उ' उदरमित्रचा, 'अ' अजीर्णाचा, 'ह' हैज्याचा. त्यामुळे दुसरं काही ती अडखळत, बोट ठेवून वाचे. पण ती जाहिरात आरतीसारखी पाठ होती. संध्याकाळी दिवा लावताना काचेत बसवलेल्या जाहिरातीसमोर हात जोडी. मी एकदा विचारलं, "तुम्ही देवाला जोडता की यांना?" ती म्हणाली, "दोघांनले. एकाच भिंतीवर हायेत ना."

आता त्या पावसाळ्याकडे येते. बहुधा माझ्या तिथल्या तिसऱ्या वर्षीचा. रोवणीचे दिवस होते. शाळेला सुट्टी दिली होती, कारण मुली चिखलात धानाची रोपं लावायला गेल्या होत्या. चोरखमाऱ्याच्या तलावाकडच्या गावांत हैजा सुरू झाल्याच्या बातम्या येत होत्या. त्या दिवसांत उदरमित्र फार खपे. शंकरराव मनातून खूश असत आणि खूश दिसू नये म्हणून जास्त पान खात.

दुपारी मी दुकानाच्या पायरीवर पाऊस थांबायची वाट पाहत बसले होते. गुडघ्यापर्यंत चिखल लागलेला एक माणूस आला. सोमाजी त्याचं नाव. डोकं भादरलेलं होतं, म्हणजे घरात कोणी गेलं होतं हे दिसतच होतं. तो शिशी मागायला आला नव्हता. भागरथाबाईसमोर उकिडवा बसला आणि हात जोडून म्हणाला, "बाई, माफी मांगाले आलो."

"कायची माफी?"

"बायको गेली माही. हैजा झाला. तुमची दवा होती घरी. पन मी घाबरलो होतो ना, थेंब जास्त पडले का कमी, मालूम नाई. कागदावर लिवलं हाय तसं नाई झालं माह्याच्यानं. दवेचा दोष नाई. माहाच."

शंकररावांचा खळीचा हात चिठ्ठीवर तसाच राहिला.

"सुईवाले आले नाईत गावात?" भागरथाबाईने विचारलं. तेव्हा सरकारी माणसं गावोगाव लस टोचायला जात.

"आले होते. आमी म्हटलं, आमाले कायले पाह्यजे सुई? आमच्या दारावर कागद हाय."

"कोनता कागद?"

"हा ना!" त्याने काचेतल्या जाहिरातीकडे बोट केलं. "अखबारातला काढून साऱ्या गावानं दारावर लावला हाय. हैजा त्याले पाहून वापस जाते म्हंतात."

तुम्हाला हे विचित्र वाटेल. पण विचार करा. दारावर लक्ष्मीचं चित्र लावतात, मारुतीचं लावतात. इथे तर छापलेल्या कागदावर रोगाचं नाव होतं, फेटेवाला माणूस होता आणि 'कधीही निष्फळ होत नाही' असं वचन होतं. औषध विकत घ्यायला पैसे नसतील त्यानेही कागद लावला होता.

भागरथाबाई उठली, सोमाजीला भाकर आणि चटणी दिली, आणि तो जेवेपर्यंत समोर बसून राहिली. तो निघायला लागला तेव्हा म्हणाली, "थांब. मी येते तुह्यासंग."

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं नाही. ते शंकररावांनी सांगितलं, आणि इतक्या वेळा सांगितलं की मला पाहिल्यासारखंच वाटतं. वहिनीला एकटीला कसं पाठवायचं म्हणून तेही निघाले, कपाळाला आठ्या घालून, हातात छत्री आणि पानाचा डबा घेऊन. वाटेत तिने बैलगाडी सरकारी दवाखान्याकडे वळवायला लावली. तिथल्या सुईवाल्याला म्हणाली, "चला." तो म्हणाला, त्या गावाने दोनदा हाकलून लावलं आहे. ही म्हणाली, "आता मले हाकलते का पाहू."

गावात शिरल्याबरोबर पहिल्याच घराच्या दारावर वामनराव होते. पेजेने चिकटवलेले, फेट्यासकट, मिशांसकट. आणि त्यांच्या कपाळावर कोणीतरी हळदकुंकू लावलं होतं.

"वहिनी तिथंच उभी राहून गेली," शंकरराव सांगत. "मले वाटलं, आता रडते. का हात जोडते. तिनं पदर वला केला, अन् कागद भिजवला, अन् हळूच काढला. फाडला नाई. घडी केली अन् कंबरेले खोसला."

घरातली म्हातारी धावून आली. "काऊन काढते वो? तुहीच दवा, तुहाच कागद, अन् तूच काढून राहिली?"

"माहा हाय म्हनूनच."

दारोदार जाऊन तिने तेच केलं. मग देवळासमोर सुईवाल्याने पेटी उघडली. कोणी पुढे येईना. भागरथाबाईने बाही वर सारली आणि हात पुढे केला. गर्दीतून कोणी ओरडलं, "अरे, दवाईवालीच सुई घेऊन राहिली!" त्यावर ती म्हणाली, "घेऊन राहिली. काऊन का माह्या शिशीत हैज्याची दवा नाई. पोट फुगलं तं माह्याकडं या. हैजा आला तं यायच्याकडं जा."

"दुसरा नंबर माहा होता," शंकरराव इथे छाती पुढे काढत. "दिरानं वहिनीच्या मागं राहावं का? मी बी हात पुढं केला." मग जरा थांबून, "अन् सुई पाह्यली अन् मी पडलो. चिखलात. सारं गाव हासलं. पन हासता हासता रांगेत लागलं ना!"

सगळे वाचले असं मी तुम्हाला सांगणार नाही. सोमाजीची आई आधीच आजारी होती, ती गेली. पण त्या गावाने सुया घेतल्या, आणि त्यांचं पाहून शेजारच्या गावांनीही.

खरी परीक्षा घरी परतल्यावर होती. सगळा धंदा पावसाळ्याच्या चार महिन्यांचा. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ती अक्षरं वामनरावांची. शंकरराव दोन दिवस जेवले नाहीत. "म्हंजे दादा खोटे होते का? इतके वर्ष आपन लोकांले फसवत होतो का?" असं भिंतीकडे पाहून विचारत. दुसऱ्या दिवशी भागरथाबाई म्हणाली, "त्यायले जेवढं मालूम होतं तेवढं त्यायनं लिवलं. मले आता जास्त मालूम झालं. मी चूप राहीन तं मी खोटी."

मी या वाक्यावर पुष्कळ विचार केला आहे. नवऱ्याला खोटं ठरवून मोकळं होणं सोपं होतं, आणि नवऱ्याच्या नावाखाली गप्प बसणं त्याहून सोपं. तिने दोन्हींतलं एकही केलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी शाळेच्या प्रश्नपत्रिकांची प्रुफं तपासायला दुबेजींच्या छापखान्यात गेले होते. गोंदियाचं साप्ताहिक तिथेच छापलं जाई. भागरथाबाई आली, पदराखालून ठसा काढला, टेबलावर ठेवला.

"दुबेजी, यातला हैजा काढा."

दुबेजी उत्तरेकडचे, भले गृहस्थ, शाईने हात कोपरापर्यंत काळे. ते हसले. "बाईजी, ये टाइप थोड़े ही है कि एक अक्षर निकाल दिया। पूरा ब्लॉक नया बनेगा, नागपुर में। महीना लगेगा।"

"अन् तोवर?"

"तब तक यही छपेगा।"

"या आठवड्यात बी?"

"कल ही छपेगा।"

तिने इकडेतिकडे पाहिलं, त्यांच्या हत्यारांतली बारीक छिन्नी आणि हातोडी उचलली आणि माझ्याकडे वळली. "मास्तरीण, आरसा धरा."

ठशातली अक्षरं उलटी असतात हे तिला ठाऊक होतं. कमरेच्या पिशवीतून तिने तळहाताएवढा आरसा काढला. मी तो धरला. आरशात पाहून तिने वरून खाली बोट फिरवलं: अजीर्ण, पोटशूळ, मुरडा. बोट थांबलं. ज्या शब्दावरून ती 'ह' शिकली होती तो शब्द. तिने छिन्नी टेकवली आणि ठोकली.

"अरे बाईजी, ये क्या कर रही हैं! ब्लॉक फट जाएगा!" दुबेजी धावले, पण तिच्या हाताला हात लावायची त्यांची छाती झाली नाही. जस्ताचे कण माझ्या प्रुफांवर उडत होते. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तिने हातोडी खाली ठेवली नाही.

काम झाल्यावर दुबेजींनी शाई लावून एक छाप काढली. मुरडा आणि वांती यांच्या मध्ये पांढरी जागा, कडा खडबडीत. दुबेजी कळवळले. "लोग कहेंगे दुबे के प्रेस में टाइप गिर गया! कम से कम 'पोटफुगी' डाल देता हूँ वहाँ, जगह भर जाएगी।"

"नाई," ती म्हणाली. "दुसरं काई बसवाल तं लोकांले कसं समजंल, काई काढलं म्हनून? जागा दिसली पाह्यजे."

मग ठशाखाली छापायला एक ओळ हवी होती. ती मला लिहायला सांगितली. मी नीट वाक्य तयार केलं: 'आमच्या सर्व गिऱ्हाईकांस नम्रपणे कळविण्यात येते की, सदर औषध यापुढे...' तिने बोट ठेवून वाचायला सुरुवात केली आणि अर्ध्यात थांबली.

"मास्तरीण, इतकं वाचेपर्यंत मानूस मरन."

शेवटी छापलं ते असं: 'हैज्याला ही दवा नाही. सुई घ्या.'

त्या आठवड्यापासून उदरमित्रची जाहिरात पांढऱ्या जागेसकट निघू लागली. ठसा पार्सलने नागपूरला गेला, इतर गावांच्या पत्रांकडे गेला आणि तिथेही जाहिरात तशीच छापली गेली. एका संपादकांनी कळवलं की आमच्या छपाईची बदनामी होते, ठसा बदला. तिने कार्डावर उत्तर दिलं, 'बदनामी झाली तर माझं नाव सांगा.' त्या पावसाळ्यात धंदा बसला. शंकरराव रोज संध्याकाळी उरलेल्या शिश्यांकडे बघून उसासे टाकत. तिने परसात भाजीपाला लावला, दोन म्हशी घेतल्या आणि अर्क काढणं थांबवलं नाही.

जाहिरात बदलली, शिश्यांवरच्या चिठ्ठ्याही तशाच कोऱ्या जागेच्या छापून घेतल्या, पण पत्र्याच्या पाट्या होत्याच. छोट्या लाईनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, स्टेशनांवर, बाजारांत, कोहमाऱ्याच्या नाक्यावर. पांढऱ्या रंगाचा डबा आणि कुंचला घेऊन ती आणि शंकरराव जिथे जिथे पाटी होती तिथे तिथे गेले. ती तो शब्द पुसायची, ते शिडी धरायचे आणि धरता धरता कुरकुरायचे.

आणि मग एक गोष्ट झाली जी कोणाच्या ध्यानीमनी नव्हती. रायपूरकडच्या कुणीतरी 'उदरमित्र नं. १' नावाचं नकली औषध बाजारात आणलं. फेटेवाला दुसराच, पण रोगांची यादी जशीच्या तशी, हैज्यासकट. शंकरराव घाबरले. 'नकलांपासून सावध राहावे' हे वाक्य इतकी वर्षं छापलं, आणि नक्कल आली तेव्हा ती ओळखायची कशी हे कोणालाच माहीत नव्हतं. पण गिऱ्हाईकांना होतं. बाजारात बायका शिशी हातात घेत, चिठ्ठीवर बोट फिरवत आणि म्हणत, "यात तं सारं भरून हाय. बाईची नाई ही." ज्या बायकांना वाचता येत नव्हतं त्यांनाही मोकळी जागा दिसत होती. दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत धंदा परत उभा राहिला, आणि हळूहळू पूर्वीपेक्षा वाढला.

काही दिवसांनी शंकरराव बाजारातून पळत आले. हातात नकली शिशी. हसून हसून बोलता येईना. "वहिनी! त्यानं बी जागा सोडली! नक्कलवाल्यानं रिकामी जागा बी चोरली!"

भागरथाबाईने शिशी उन्हात धरली, चिठ्ठी नीट पाहिली आणि परत दिली.

"चोरू दे. तेवढं तरी खरं छापलं त्यानं."

पुढे सरकारनेच कायदा केला की औषधांच्या जाहिरातीत अमुक अमुक रोग बरे होतात असं लिहायचं नाही. गोंदियाच्या बाजारात धावपळ उडाली. दुकानदार चिठ्ठ्या खरवडू लागले. तपासायला आलेले साहेब उदरमित्रच्या दुकानातही आले. भिंतीवर काचेत आता कोऱ्या जागेची जाहिरात होती; ती पाहून म्हणाले, "कायदा तर आत्ता झाला. तुम्ही आधीच कसं काढलं?" शंकरराव उठून उभे राहिले. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा पान थुंकून बोलताना पाहिलं. "साहेब, आमच्या घरी तो पहिलेच झाला होता." साहेबांनी 'उदासी'सुद्धा काढायला लावली. भागरथाबाई म्हणाली, "काढा. ती तं त्यायची बी नाई गेली कधी." हसली, आणि जरा वेळाने आत निघून गेली.

मला त्या बाईचा अभिमान आहे. माझी ती कोणी नव्हती, शेजारीण होती. पण नागपूरला नातेवाईकांत कोणी 'गोंदिया काय, विड्या आणि तांदूळ' असं म्हटलं की मी 'उदरमित्र ठाऊक आहे का?' असं विचारून ही गोष्ट सुरू करत असे. तुमचे आजोबा तेव्हा हळूच उठून चहा सांगायला जात. त्यांना ती पाठ झाली होती.

१९६० साली त्यांची बदली बिलासपूरला झाली. निघायच्या आदल्या दिवशी भागरथाबाई जुन्या लुगड्यात गुंडाळलेली एक जड वस्तू घेऊन आली. नागपूरचा नवा ठसा आला होता, नव्या कायद्याप्रमाणे. "हा तुमी न्या, मास्तरीण. आरसा तुमीच धरला होता." मी म्हटलं, हा तर वामनरावांचा, घरात राहू द्या. ती म्हणाली, "ते भिंतीवर हायेत. हा माहा हाय."

दुसऱ्या दिवशी ती निरोपाला घरी आली नाही, म्हणून मला जरा वाईट वाटलं. गाडी हलली. प्लॅटफॉर्मच्या टोकाला, जिथे उदरमित्रची मोठी पाटी होती, तिथे शिडी लावलेली दिसली. खाली शिडी धरून शंकरराव, वर ती. गंज चढला की पांढऱ्या रंगाखालून जुना शब्द पुन्हा वर येई, म्हणून दर वर्षी दिवाळीनंतर ती त्याच्यावर नवा हात मारत असे. गाडीच्या वेळेलाच ते काम काढलं होतं, मुद्दाम की योगायोगाने ते कळलं नाही. आमचा डबा समोरून जाताना तिने वळून पाहिलं आणि कुंचला हातात होता तोच वर केला. एक पांढरा थेंब शंकररावांच्या टोपीवर पडला. ते वर बघून काहीतरी बोलले. ते ऐकू आलं नाही.

त्यानंतर तिची भेट झाली नाही.

आता तिथे ते दुकान नाही. पाट्या नाहीत. उदरमित्र बनवणं तिच्या मागे बंद झालं. ठसा माझ्या कपाटात, खालच्या खणात, त्याच लुगड्यात आहे. लाकडाला एका बाजूने वाळवी लागली होती, ती मी काढून टाकली आहे. वामनरावांचा फेटा आणि मिशा शाबूत आहेत. मुरडा आणि वांती यांच्या मध्ये छिन्नीचे चरे आहेत, बोटाला लागतात.

तुमची आजी